चुकून सुटलेली गोळी

लातूरच्या छावणीतला एक पोरगा परवा नांदेडला आलता. चहा पिता पिता म्हणाला, "भाऊ, गोळी खरंच चुकून सुटली असंल तर? शिपाईबी माणूसच हाय ना?" मला चटकन उत्तर देता आलं नाही. आपल्यात असं विचारणाऱ्याला फितूर ठरवायची घाई असते. पण प्रश्न खोटा नाही. गर्दीत धक्का बसतो, घाबरलेल्या बोटानं घोडा दाबला जातो. होतं असं.

कायदाही ह्याला जागा देतो. जुन्या दंड संहितेचं कलम ८०, आता न्याय संहितेचं १८. कायदेशीर काम, कायदेशीर रीतीनं, योग्य ती काळजी घेऊन करताना अपघात झाला, तर तो गुन्हा नाही. नीट वाचा, किती अटी आहेत! शिवाय अपघात होता हे दाखवायचं ओझं तसं म्हणणाऱ्यावर आहे, मेलेल्याच्या मायवर नाही. काळजी घेतली नसेल तर निष्काळजीपणाचा गुन्हा होतो, कलम १०६. आमच्याकडं मात्र 'चुकून' हा शब्द कोर्टाची पायरी चढायच्या आधीच छापून येतो, आणि बुलेटिन ऐकणारा पांढरपेशा सुटकेचा श्वास सोडतो.

४ ऑगस्ट १९७८ आठवा. नामांतराच्या ठरावाला आठ दिवस झाले होते. त्या दिवशी आपल्या जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना जिवंत जाळलं. वस्त्या पेटत होत्या तेव्हा आमच्या रक्षणासाठी बंदुका सापडल्या नाहीत. त्याच दिवशी नागपुरात इंदोऱ्याला नामांतर मागणाऱ्यांवर मात्र त्या बरोबर सापडल्या. लहानगा अविनाश डोंगरे त्यात गेला. चुकून सुटणारी गोळी अशी दिशा पाहून कशी काय चुकते, हे कुणी तरी मला समजावून सांगावं.

मग ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सकाळी दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलानं गोळ्या झाडल्या, १० माणसं मेली. तिथं 'चुकून' म्हटलं नाही. गॅसचे टँकर पेटवणार होते म्हणून नाइलाज झाला, असं म्हटलं. शब्द वेगळा, काम तेच: बोट ट्रिगरवरून उचलून मेलेल्यांकडं वळवायचं. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगानं हा गोळीबार असमर्थनीय ठरवला. तरी उपनिरीक्षक मनोहर कदमला सत्र न्यायालयानं सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप दिली ती मे २००९ मध्ये. बारा वर्षं! पुढं उच्च न्यायालयातून जामीन. हुकूम देणारा एक अधिकारी सापडला. त्याला तिथं बंदुका देऊन पाठवणाऱ्या वरच्यांचं काय?

आता आपलं बी सांगतो, राग येऊ द्या. पहिल्या दिवशी आपण 'फाशी द्या' म्हणून गळा फोडतो. तेराव्या दिवशी मदतीचा चेक येतो, पुढारी फोटो काढतो, आणि साक्षीदाराला तारखेला न्यायला एक माणूस मिळत नाही. रागावर खटला चालत नाही बाबांनो. काडतुसांचा हिशेब, रायफल कुणाच्या नावावर दिली होती ती नोंद, इशारा कधी आणि कोणत्या शब्दांत दिला, गोळी शरीरात कुठून शिरली, यावर चालतो. अपघात असेल तर तोही ह्याच कागदांतून दिसेल. शिपाई निर्दोष असेल तर त्याला ह्या कागदांचं भय कशाला?

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र ह्या खटल्यात सांगितलंय, पोलीस गोळीबारात मेलेल्या प्रत्येकाची दंडाधिकारी चौकशी झालीच पाहिजे. ती मागायला वकिलाची डिग्री लागत नाही.

लातूरच्या त्या पोराला मी एवढंच म्हणालो: चुकून सुटली असंल, मान्य. पण हे मी ठरवायचं नाही, अन् ज्याच्या हातात बंदूक होती त्यानं तर नाहीच नाही. तो चहाचे पैसे देऊन एसटी धरायला गेला. पुढच्या रविवारी दोन्ही छावण्या मिळून अभ्यासवर्ग घेतोय. कलमांची पुस्तकं आणा.