लॉट नंबराशिवाय माल नको

कापडाच्या धंद्यात लॉट नंबराचे महत्त्व व्यापारी बांधवांना सांगायला नको. महिन्याने गिऱ्हाईक त्याच रंगाचे दोन ताके मागायला आले तर आपण आधी लॉट पाहतो. लॉट बदलला की रंगात फरक पडतो. संगणकाच्या मालात मात्र ही शिस्त अनेक जण पाळत नाहीत, ही माझी तक्रार आहे.

आमच्या दुकानाचे हिशेब आणि भावपत्रके ईमॅक्स या मोफत प्रोग्राममध्ये लिहिली जातात. २०१२ साली आलेल्या २४ व्या आवृत्तीपासून त्यात उर्दू उजवीकडून डावीकडे नीट लिहिता येते, म्हणून मी तो पसंत केला. जोडीची छोटी पॅकेजेस बाहेरून मागवण्याची सोयही त्याच आवृत्तीत आली.

गेल्या सीझनला मी सर्व पॅकेजेस एकदम नवी करून घेतली आणि हिशेबाचे पॅकेज बंद पडले. दोन दिवस बिले हाताने लिहिली. चौकशी केली तेव्हा कारण कळले. मेल्पा नावाच्या भांडारात लेखकाने काही बदल केला की नवा माल आपोआप बांधला जातो. नंबर म्हणून फक्त तारीख आणि वेळ. म्हणजे अर्धा शिवलेला सदराही दुकानात येतो! मेल्पा स्टेबल या भांडारात मात्र लेखकाने स्वतः आवृत्तीचा नंबर दिलेलाच माल असतो. पण दोन्ही भांडारे चालू ठेवली, तर ईमॅक्स मोठा आकडा नवा समजतो. तारखेचा आकडा २.३ पेक्षा मोठाच असणार, म्हणून वेगळी सूचना दिली नाही तर कच्चा मालच येतो.

लेखकांची बाजूही आहे. बहुतेक जण फुकट काम करतात. रोजच्या मालामुळे चूक लवकर दुरुस्त होते. काही लेखक तर वर्षानुवर्षे नंबरच देत नाहीत, मग स्टेबलमध्ये जुनाच माल पडून राहतो.

तरीही माझे स्पष्ट मत आहे की दोन-तीन महिन्यांनी तपासलेली आवृत्ती, तिला नंबर आणि काय बदलले याची चिठ्ठी, एवढे लेखकाने द्यावेच. रोजचा माल ज्यांना परीक्षा करायची आहे त्यांनी घ्यावा. आणि आपण? सीझनमध्ये काही नवे करू नये. करण्यापूर्वी पॅकेजेसच्या ‘एल्पा’ फोल्डरची नक्कल ठेवावी. बिघडले तर जुना लॉट हाताशी असतो.