एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

दिवाळीच्या फराळाबरोबर पाहुण्यांपुढे आकड्यांची एखादी गंमत ठेवायची, ही माझी जुनी खोड. चकली मऊ पडेल, पण आपला आकडा मऊ पडायचा नाही, असा माझा तोरा होता. गेल्या भाऊबीजेला तो उतरला.

आकडा होता १,४२,८५७. वाचकहो, करंजी घटकाभर खाली ठेवा आणि पेन्सिल घ्या. याला दोनाने गुणा : २,८५,७१४. तिनाने गुणा : ४,२८,५७१. चाराने ५,७१,४२८, पाचाने ७,१४,२८५, सहाने ८,५७,१४२. तेच सहा अंक, त्याच क्रमाने. पंगतीत पहिल्या पाटावर कोण बसले, एवढाच काय तो फरक!

पाहुण्यांनी वाहवा केली. मी दुसरा लाडू उचलणार, तोच माझी बारा वर्षांची पुतणी म्हणाली, "काका, आणि सातानं गुणलं तर?"

ही पोर गणितात कच्ची, असे घरात सगळेच म्हणत; मीही म्हणत असे. "कर की," मी म्हटले. तिने केला गुणाकार. उत्तर आले ९,९९,९९९.

"पण असं का होतं, काका?"

मी गप्प. तीस वर्षे हा खेळ दाखवला, पण 'का' असे मला कुणी विचारले नव्हते आणि मीही स्वतःला विचारले नव्हते. "आहे खरा चमत्कार," म्हणून वेळ मारून नेली.

पाहुणे गेले, दिवे मालवले, तरी पोरगी वही घेऊन बसलेलीच. शेवटी तिने मला हाक मारली.

"हे बघा. नुसत्या एकाला सातानं भागलं, की ०.१४२८५७ येतं आणि पुढं पुन्हा तेच. भागताना बाकी उरते ३, २, ६, ४, ५ आणि परत १. सातानं भागताना शून्य सोडून सहाच बाक्या उरू शकतात, आणि इथं सहाही हजेरी लावतात. आता दोनाला सातानं भागा. त्याच फेरीत शिरायचं, फक्त दोनच्या बाकीपासून. म्हणून २८५७१४!"

चमत्कार नव्हता तर! पण कारण कळल्यावर आकडा मला अधिकच आवडू लागला.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी जन्मभर आकड्यांचा असाच नाद केला. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांत हीही बसते. हिचा वर्ग २०४०८१२२४४९. शेवटचे सहा अंक वेगळे काढा : २०४०८ आणि १२२४४९. करा बेरीज. पुन्हा आपली १४२८५७ दारात हजर!

'कच्ची' हा शब्द त्या रात्रीपासून मी पुतणीपुरता तरी टाकून दिला आहे. यंदाही पाहुण्यांपुढे आकडा ठेवणारच. मात्र त्यातले 'का' आधी तिच्याकडून समजून घेतले आहे.