पाळणे म्हणजे पत्करणे

मराठी भाषेने कुत्र्याला फारसे चांगले वागविलेले नाही. एखाद्याची दुर्दशा सांगायची झाली तर त्याचे हाल कुत्रे खात नाही. कोणाची खोड जात नसली तर कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच. कारभार बेबंद झाला की आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते. रागाच्या भरात तोंडातून बाहेर पडणारी पहिली शिवीही बहुधा याच प्राण्याच्या नावाची असते.

आणि हीच भाषा बोलणारा माणूस दत्ताच्या तसबिरीपुढे हात जोडतो, तेव्हा दत्ताच्या पायाशी उभ्या असलेल्या चार कुत्र्यांना चार वेद मानतो. आपल्याच जिल्ह्यातील अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाला तो जातो. खंडोबाच्या मूर्तीत घोड्याबरोबर कुत्राही असतो, आणि खंडोबाला वाहिलेला वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवून घेण्यात कमीपणा मानीत नाही. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तेरला गोरोबाकाकांनी ज्यांचे मडके कच्चे ठरविले असे सांगतात, तेच हे नामदेव. कच्चे मडके भाजून निघाले याची खूण म्हणून परंपरेने नेमका कुत्राच निवडावा, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

देव्हाऱ्यात वंदन आणि गल्लीत दगड, असा हा जुना दुटप्पीपणा आहे. अलीकडे त्याने नवे रूप घेतले आहे. आता घरात गादी आणि गल्लीत दगड. धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या गावातही लॅब्राडोर, पामेरियन, जर्मन शेफर्ड घरोघर दिसू लागले आहेत. आमच्याही घरी दोन कुत्री आहेत. एक काळा, एक तांबडी, आणि दोन्ही अस्सल गावठी. त्यांचे गुणगान करण्यासाठी हा लेख नाही. कुत्रे पाळणाऱ्याचे कौतुक तो स्वतःच पुरेसे करतो. मला मांडायचे आहे ते एवढेच, की शहरात कुत्रे पाळणे ही खासगी हौस राहत नाही. ते सार्वजनिक काम आहे आणि ज्याने ते पत्करले त्याने ते पुरते करावे.

खेड्यात ही अडचण फारशी नसते. शेतातल्या कोट्यावर कुत्रे असते, धनगराच्या मेंढरामागे असते, ऊसतोडीला निघालेल्या बैलगाडीच्या सावलीतून तेही चालत जाते. त्याला काम असते आणि मोकळी जागाही असते. शहरात आले की तेच कुत्रे दोन खोल्या, एक जिना आणि सहा फुटी बोळ यांत मावावे लागते. काम गेले, जागा गेली. उरले ते भुंकणे. मग शेजारी तक्रार करतो आणि मालकाला वाटते, शेजाऱ्याला मुक्या जिवाची दया नाही.

दोन कुत्र्यांच्या घराचा दिवस पहाटे सुरू होतो. उन्हाळ्यात तर तो उजाडण्यापूर्वीच सुरू करावा लागतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून अंग थंड करते. आपल्याकडच्या मे महिन्यात दहा वाजता तापलेल्या डांबरावरून त्याला फिरविणे म्हणजे त्याचे तळवे भाजणे होय. जेवणाचेही तसेच. 'आमचे कुत्रे आमच्यातलेच खाते' असे लोक अभिमानाने सांगतात. ज्वारीची भाकरी त्याला चालते. पण भाकरीवर ओतलेल्या येसरच्या आमटीतील कांदा-लसूण त्याच्या रक्ताला अपायकारक असतो. ज्या द्राक्षांसाठी आपला जिल्हा ओळखला जातो, ती द्राक्षे आणि त्यांचे बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. प्रेमाने भरविलेला घासही विष ठरू शकतो, हे पाळणाऱ्याने माहीत करून घ्यायला हवे. नुसता लळा असून भागत नाही, माहिती हवी.

येथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या जिल्ह्यात माणसांनी घागरी घेऊन टँकरमागे धावावे, तेथे कुत्र्यांचे लाड कसले? उस्मानाबादी शेळी पाळा. दूध देते, करडे देते, अडीनडीला विकता येते. कुत्रे काय देते? हा प्रश्न दुष्काळ सोसलेल्या माणसाचा आहे. २०१२-१३ आणि २०१५-१६ चे दुष्काळ येथे कोणीही विसरलेले नाही. तेव्हा गुरांसाठी चारा छावण्या निघाल्या. कुत्र्यांसाठी छावणी निघणे शक्यच नव्हते. तरीही या आक्षेपाला दोन उत्तरे आहेत. पहिले हिशेबाचे. दोन मध्यम कुत्र्यांना दिवसाला दोन-तीन लिटर पिण्याचे पाणी पुरते. एक मोटारसायकल धुण्यात त्याहून कितीतरी अधिक जाते आणि त्यावर कोणी लेख लिहीत नाही. दुसरे उत्तर असे, की जे देते तेवढेच जगवावे हा नियम एकदा मान्य केला, तर तो कुत्र्यापाशी थांबणार नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनीही मग तो ऐकून घ्यावा लागेल. मात्र आक्षेपातला खरा अंश मी मान्य करतो. ऐपत नसताना कुत्रे आणू नये, आणि ऐपत म्हणजे केवळ पैसा नव्हे. वेळ, जागा आणि चिकाटीही त्यात आली.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. तो रेबीजचा. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर या चावा घेतलेल्या मुलाला लस टोचली आणि तो वाचला. त्याला १४० वर्षे होऊन गेली. तरीही जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे एकतृतीयांश मृत्यू भारतात होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांत मुलांचे प्रमाण मोठे आहे. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर उपाय नाही, लक्षणांपूर्वी मात्र तो पूर्णपणे टाळता येतो. चावा बसताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस केव्हाच संपले; आता दंडात टोचतात आणि पुढच्या तारखा ठरलेल्या असतात. त्या चुकवू नयेत. तरीही हळद, चुना, मिरची लावणारे आणि गंडेदोरे बांधणारे आजही भेटतात. आपण कलाशाखेचे विद्यार्थी आहोत, डॉक्टर नाही, हे खरे. पण एवढे वाक्य गावाकडे जाऊन सांगायला वैद्यकाची पदवी लागत नाही.

या रोगाची साखळी तोडायची तर गावातील १०० पैकी ७० कुत्र्यांना लस मिळायला हवी, असे शास्त्र सांगते. त्या सत्तरांतली पहिली दोन आमच्या घरातली असली पाहिजेत. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. तेथे कुत्र्याला नेण्यात अर्धा दिवस जातो एवढेच.

दुसरे कर्तव्य पिलांचे. कुत्रीचा गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा. वर्षातून दोनदा ती माजावर येऊ शकते आणि एका वेताला चार-सहा पिले होतात. एक नर आणि एक मादी पाळून शस्त्रक्रिया न करणाऱ्याच्या घरी वर्षभरात काय होईल, याचा हिशेब कोणीही करावा. ही पिले पुढे कोठे जातात? मंडईमागे, एस. टी. स्थानकाजवळ, नाहीतर गावाबाहेरच्या माळावर. आपण ज्यांना 'मोकाट' म्हणतो त्यांच्यातली काही कालपर्यंत कोणाच्या तरी ओसरीवर होती. घरचे कुत्रे आणि रस्त्यावरचे कुत्रे या दोन जाती नाहीत; मधली भिंत माणसाच्या बेफिकिरीने पडते.

ही भिंत किती पातळ आहे हे मुंबईने १८३२ मध्येच पाहिले. सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस ठेवले होते. बक्षिसाच्या लोभाने मारेकऱ्यांनी घरची कुत्रीही ओढून नेली. ज्यांच्या धर्मात कुत्र्याला मानाचे स्थान आहे ते पारशी खवळले आणि जूनमध्ये शहरात दंगल उसळली. आज जवळजवळ दोनशे वर्षांनी तोच वाद न्यायालयात आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्यास सांगितले. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला. नसबंदी व लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत. पिसाळलेली आणि हिंस्र मात्र सोडू नयेत. त्यांना खाऊ घालायचे ते रस्त्यावर कोठेही नव्हे, नेमलेल्या जागीच. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारातून कुत्री हलवावीत आणि परत तेथे सोडू नयेत, असे सांगितले.

म्हणजे प्रश्न आपल्या महाविद्यालयाच्या फाटकाशी येऊन पोचला आहे. कँटीनमागे उरलेला वडा टाकणारे आपण, आणि कुत्री फार झाली म्हणून नगरपरिषदेला नावे ठेवणारेही आपणच. नगरपरिषदेने तिचे काम करावे हे खरेच; पण उघडा कचरा आणि सोडून दिलेली पिले यांचा पुरवठा चालू असेपर्यंत कोणतीही गाडी पुरी पडणार नाही.

राहता राहिला शेजारधर्म. आपल्या गावात ख्वाजा शमसुद्दीन गाजींचा दर्गा आहे आणि देवीचे देऊळही आहे. नमाजाला निघालेल्या शेजाऱ्याच्या कपड्याला कुत्र्याचे तोंड लागले तर त्याला परत जाऊन धुवावे लागते. सोवळ्यातल्या आजीची अडचणही तीच. त्यांची अडचण खरी की खोटी हे ठरविण्याचा अधिकार कुत्र्याच्या मालकाला नाही. त्याच्या हातात पट्टा आहे, तो त्याने आखडून धरावा. दुसऱ्याच्या दारात घाण झाली तर ती स्वतः उचलावी. एवढे करणाऱ्याला मग शेजाऱ्यानेही मुलांना दगड मारू न देण्याचे सौजन्य दाखवावे. इमारतीतल्या सभेने ठराव करून पाळीव कुत्र्यांना बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ सालीच स्पष्ट केले आहे. परंतु कायद्याचा कागद दाखवून मिळालेला हक्क आणि वागणुकीने मिळालेली संमती यांत मला दुसरी अधिक टिकाऊ वाटते.

तेव्हा मित्रहो, वाढदिवसाला कोणी पिलू भेट देऊ लागला तर हात पुढे करण्यापूर्वी थोडे थांबा. कुत्रे बारा-चौदा वर्षे जगते. तेवढ्या काळात तुमची पदवी होईल, नोकरीसाठी पुण्याला किंवा सोलापूरला जाणे होईल, लग्न होईल. त्या प्रत्येक वळणावर त्याचे काय करणार, याचे उत्तर आज देता येत असेल तर जरूर आणा, आणि शक्यतो गल्लीतलेच एखादे आणा. उत्तर नसेल तर त्या पिलाला नम्रपणे नकार द्या. तोही भूतदयेचाच एक प्रकार आहे.