नक्षी मशीनची, हात कुणाचा?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एखाद्या कलाकाराची वीस-पंचवीस चित्रं दाखवून कॉम्प्युटरला त्याच धाटणीची नवी नक्षी काढायला शिकवणं आता सहज जमतं. हे तंत्र मला आवडतं. पण मेंदी काढणाऱ्या मुलींच्या डिझाइनवर ते वापरायचं असेल, तर आधी त्यांची परवानगी घ्यावी आणि कमाईत त्यांना वाटा द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॉम्प्युटर आणि नक्षीचं नातं जुनं आहे. 1998 मध्ये वाँग, झोंगकर आणि सॅलेसिन या संशोधकांनी वेलबुट्टीची सजावट कॉम्प्युटरकडून करून घेतली. त्यात पानं-फुलं कलाकार काढत असे आणि वेल रिकाम्या जागेत कशी पसरायची याचे नियम माणूसच लिहीत असे. भौमितिक नक्षीचंही तसंच. इस्फहानच्या दर्ब-ए-इमामवरची 1453 सालची नक्षी पाहा. तशी नक्षी पाच ठरावीक आकारांच्या तुकड्यांतून रचता येते, हे ल्यू आणि स्टाइनहार्ट यांनी 2007 मध्ये मांडलं. असे नियम सर्वांचे. त्यावरून कॉम्प्युटरने हजार जाळ्या काढल्या तरी कुणाचं काही जात नाही.

मेंदीचं गणित वेगळं आहे. वेल कुठे वळवायची, तळहातावर किती जागा मोकळी सोडायची, हे त्या मुलीच्या हातात वर्षानुवर्षांच्या सरावाने येतं. आजचं मॉडेल ते तिच्याच चित्रांतून उचलतं.

कुणी म्हणेल, तीही दुसऱ्यांचं पाहूनच शिकली ना? खरं आहे. पण शिकणारी मुलगी वर्षं घालवते आणि त्यात स्वतःची भर टाकते. मॉडेल एका रात्रीत शेकडो डिझाइन काढतं आणि पैसा जातो कधी कोन हातात न धरलेल्या माणसाकडे.

कायद्याचा आधार इथे अपुरा आहे. 1957 चा कॉपीराइट कायदा तिने काढलेल्या चित्राला तिच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं संरक्षण देतो. तिच्या शैलीला देत नाही. म्हणून कायदा जिथे थांबतो, तिथे आपली नीती सुरू व्हायला हवी.

आपल्या मोहल्ल्यांत शिक्षण सुटलेल्या कितीतरी मुली ईदला आणि लग्नसराईत मेंदी काढतात. अनेकींसाठी ती स्वतःच्या हातात आलेली पहिली कमाई असते, घरात आपलं म्हणणं मांडण्याचं बळ असतं. इन्स्टाग्राम हे त्यांचं दुकान. दुकानाबाहेर मांडलेला माल दिसतो म्हणून आपण उचलून नेत नाही.

माझ्यासारख्या, कोड लिहिणाऱ्या मित्र-मैत्रिणींना एवढंच सांगणं आहे: डिझाइन वापरण्याआधी विचारा, ॲपमध्ये तिचं नाव लिहा, मोबदला आधी ठरवा. आणि ती ‘नाही’ म्हणाली, तर तिची चित्रं मॉडेलला देऊ नका.