झेपेल तेवढाच नेम

देशव्यापी आरोग्य-पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मधुमेहाच्या प्रमाणात गोव्याचा क्रमांक पहिला लागला. देशाचे प्रमाण ११.४ टक्के, तर गोव्याचे २६.४! असे आकडे छापून आले, की घरोघर प्रतिज्ञांना ऊत येतो. उद्यापासून भात बंद, गोड बंद, पहाटे तासभर धावणे. आठवडा उलटतो आणि सारे पूर्ववत होते. आरंभशूरपणाचा हा दोष इच्छाशक्तीच्या माथी मारला जातो. आमच्या मते दोष नेमाच्या मापात आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा व्यवहार आपण पैशापुरताच का मानावा?

गोमंतकीयांना रेल्वेने नित्य जोडलेल्या हुबळी-धारवाडचेच उदाहरण घ्या. या जुळ्या शहरांच्या मधोमध रायापूर आहे. तेथील ‘अक्षयपात्र’च्या स्वयंपाकघरातून शाळकरी मुलांसाठी माध्यान्ह भोजन जाते. हे काम उत्साहाच्या लाटेवर चालत नाही. वेळ आणि माप ठरलेले असते म्हणून चालते. घरच्या पथ्यालाही हाच न्याय लागू आहे.

त्याच रस्त्याने २०१८ पासून ‘चिगरी’ बसगाड्या धावतात. रायापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करणाऱ्या कामगाराला पहाटे धावायला सांगणे ही त्याची थट्टा होय. मात्र जाताना-येताना एक थांबा आधी उतरून दहा-दहा मिनिटे झपाट्याने चालणे त्याला जमेल. सहा दिवसांची १२० मिनिटे झाली. रविवारी अर्धा तास चालले, की १५० भरली. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान एवढाच मध्यम व्यायाम सांगते, आणि अजिबात नसण्यापेक्षा थोडा बरा, असेही बजावते.

आहाराचेही तसेच. धारवाडी पेढा जन्मात खाणार नाही, ही शपथ पहिल्याच बारशाला मोडते. आठवड्याला एकच, हा नेम टिकतो. त्या भागातील ज्वारीची भाकरी, उसळ आणि पालेभाजी आठवड्यातून तीन रात्री ताटात आली, तरी आरंभ झाला. मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे. म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅमच्या आत, लोणची-पापड-फरसाणातले धरून. पुडी केव्हा फोडली, याची नोंद भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ठेवावी. हिशेब आपोआप कळेल. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी नेम पुढे चालू करावा. दुप्पट प्रायश्चित्त घेऊ नये. औषधे चालू असणाऱ्यांनी आहारातील बदल वैद्यांना विचारूनच करावा.

तथापि सारा भार नागरिकावर टाकून शासनाला हात झटकता येणार नाहीत. पदपथावर दुकाने आणि वाहने उभी असतील, हमरस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागत असेल, तर चालण्याचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा? कारखान्यांच्या उपाहारगृहांत वडा-भजी मिळते, तशी भाकरी-उसळही मिळाली पाहिजे. हे पणजीला लागू आहे, तितकेच रायापूरला.

मधुमेह एका रात्रीत घरात शिरत नाही. त्याला दूर ठेवणारी सवयही एका रात्रीत जडणार नाही. वाचकांनी आज एकच नेम निवडावा आणि तो पुढील महिन्यातही पाळता येईल, एवढा लहान ठेवावा, एवढीच आमची विनंती आहे.