ऊन ज्यांचे औषध होते

आजचा धागा फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याचा. मराठी वाचकाला हा किनारा बहुधा एकाच घटनेमुळे ठाऊक असतो : ८ जुलै १९१० रोजी मार्सेयच्या बंदरात सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून घेतलेली उडी. त्या बंदरापासून पूर्वेकडे निघाले की कान, आन्तिब, नीस, मोनाको, मेंतों अशी गावांची ओळ थेट इटलीच्या सीमेला भिडते. प्रवासाच्या जाहिरातींत या किनाऱ्यावर बाराही महिने जुलैच असतो. रंगीत छत्र्या, सोनेरी वाळू, उन्हात पहुडलेली माणसे. (नीसच्या चौपाटीवर वाळू नाही, गोटे आहेत, पण ते असो.) माझे मत असे की, इतिहासाची आवड असणाऱ्याने इथे जुलैत जाऊच नये. जावे ते जानेवारीत.

कारण ही गावे उन्हाळ्यासाठी वसलेलीच नाहीत. १९ व्या शतकात इथली हॉटेले वसंत सरताच कुलपे लावून बंद होत आणि शरद ऋतूत पुन्हा उघडत. पाहुणे येत ते हिवाळ्यात, आणि त्यांतले कितीतरी जण आजारी असत. क्षयावर औषध नव्हते. डॉक्टरांच्या हाती एकच सल्ला उरे : दक्षिणेला जा, उन्हात बसा.

कानचीच गोष्ट पाहा. आज चित्रपट महोत्सवामुळे जगाला माहीत असलेले हे गाव १८३४ मध्ये कोळ्यांची लहानशी वस्ती होते. त्या वर्षी इंग्लंडचे माजी लॉर्ड चॅन्सेलर ब्रूम आपल्या आजारी मुलीला घेऊन इटलीला निघाले होते. वार नदी ही तेव्हा फ्रान्स आणि सार्डिनियाचे राज्य यांमधली सीमा. नीस पलीकडे, सार्डिनियाकडे. पटकीच्या साथीमुळे सीमा बंद होती. ब्रूम यांना मागे फिरावे लागले, मुक्काम कानला पडला, आणि गाव इतके आवडले की त्यांनी तिथेच घर बांधले. घराला मुलीचे नाव दिले : एलेओनोर-लुईझ. ती १८३९ मध्ये गेली. ब्रूम मात्र पुढे तीस वर्षे तिथे येत राहिले आणि १८६८ मध्ये कानलाच निवर्तले. त्यांच्यामागून इंग्रज उमराव आले, बंगले उठले, आणि वस्तीचे शहर झाले. म्हणजे एका साथीने अडवलेला बाप आणि एक आजारी मुलगी, एवढ्यावर या शहराचा पाया आहे.

मेंतोंची कथा याहून गडद. पाठीशी डोंगराची भिंत, त्यामुळे उत्तरेचा वारा अडतो आणि लिंबाच्या बागा पिकतात. १८५९ मध्ये जेम्स हेन्री बेनेट हा लंडनचा डॉक्टर स्वतःच क्षयाने खंगून इथे आला. त्याला वाटले होते, निवांत कोपऱ्यात मरण यावे. तो बरा झाला. मग त्याने या हवेची थोरवी सांगणारे पुस्तक लिहिले, आणि इंग्लंडचे, जर्मनीचे रोगी मेंतोंकडे लोटले. १८६९ मध्ये आगगाडी पोचली, तसा ओघ आणखी वाढला. सगळे बेनेटसारखे नशीबवान नव्हते. गावाच्या माथ्यावर, जुन्या किल्ल्याच्या जागी, टप्प्याटप्प्यांनी उतरणारे एक कब्रस्तान आहे. तिथल्या शिळांवर इंग्रजी, रशियन, जर्मन नावे आहेत आणि वये पाहावीत तर अनेकदा विशी-पंचविशीची. चित्रकार ऑब्री बीअर्ड्स्ली १८९८ मध्ये याच गावी वारला, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. समुद्राचे सर्वांत सुंदर दर्शन ज्या जागेवरून होते, ती जागा मृतांना मिळाली आहे.

नीसची गोष्ट या रोग्यांपेक्षा मजुरांमुळे मला अधिक अस्वस्थ करते. समुद्रालगतच्या त्या सुप्रसिद्ध रस्त्याला 'इंग्रजांचा फेरफटका' अशा अर्थाचे नाव आहे. १८२० च्या दशकाच्या आरंभी कडक थंडीने संत्र्यांच्या बागा जळाल्या आणि माणसे भिकेला लागली. लुईस वे या इंग्रज धर्मोपदेशकाने देणग्या जमवून त्यांना किनाऱ्यावर वाट बांधण्याचे काम दिले. आपल्याकडच्या दुष्काळी कामांची आठवण व्हावी असाच हा प्रकार. स्थानिक बोलीत ती 'इंग्रजांची वाट' झाली. पैसे देणाऱ्यांचे नाव राहिले. दगड वाहणाऱ्यांचे राहिले नाही.

आता मार्च १८९७. नीसच्या वरच्या अंगाला, सिमिएच्या टेकडीवर, 'रेजिना' हे नवेकोरे भव्य हॉटेल उभे राहिले होते. त्या महिन्यात हिंदुस्थानची सम्राज्ञी व्हिक्टोरिया सिमिएला उतरली. सोबत नोकरचाकरांचा ताफा आणि तिचा आग्र्याचा मुन्शी अब्दुल करीम. त्याला बरोबर नेण्यावरून तिच्या दरबाऱ्यांनी मोठे काहूर माजवले होते. नेमक्या याच महिन्यात पुण्यात रँडच्या प्लेग समितीच्या हुकमाने गोरे सोजीर घराघरांत, देवघरांत शिरून रोगी शोधत होते. एकाच साम्राज्यात आजाराची ही दोन रूपे एकाच वेळी नांदत होती. एका ठिकाणी प्रकृतीला मानवेल म्हणून टेकडीवर राजवाडा उठतो. दुसऱ्या ठिकाणी आजार हा गुन्हा ठरून दार फोडले जाते. पुढे २२ जून रोजी, याच राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंच्या गोळ्या झडल्या हे तुम्ही जाणताच. रेजिनाची इमारत आजही उभी आहे आणि समोर राणीचा पुतळा आहे. मराठी माणसाने तिथे उभे राहून हा मार्च महिना आठवावा, असे मला वाटते.

मग उन्हाळा आला कुठून? २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. रोग संसर्गाने पसरतो हे कळल्यावर ज्याच्या पैशावर गावे वाढली तो खोकणारा पाहुणाच हळूहळू नकोसा झाला. शिवाय याच सुमारास, १८८७ मध्ये, स्तेफाँ लिएझार याच्या पुस्तकामुळे या भागाला 'कोत दाझ्यूर' म्हणजे निळा किनारा हे नाव लाभले. १९२० च्या दशकात काही अमेरिकन श्रीमंतांनी आन्तिबच्या भूशिरावरचे एक हॉटेल उन्हाळ्यातही चालू ठेवायला लावले. गोरी कांती जपण्याची रीत मागे पडून उन्हाने रापलेली कातडी प्रतिष्ठेची झाली.

उन्हाळी गर्दीला नाके मुरडणाऱ्यांतला मी नाही, हेही सांगून टाकतो. जून १९३६ मध्ये फ्रान्समधल्या डाव्या आघाडीच्या सरकारने कामगारांना वर्षातून दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने दिली, आणि ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता अशी कुटुंबे स्वस्त तिकिटांवर किनाऱ्यांवर पोचली. उमरावांच्या हिवाळ्यापेक्षा तो उन्हाळा मला अधिक प्रिय आहे. माझी तक्रार गर्दीवर नाही. पाटी कोरी करून गाव विकण्यावर आहे. युनेस्कोने २०२१ मध्ये नीसला जागतिक वारशाच्या यादीत घेतले ते 'हिवाळी विश्रामनगर' म्हणून, आणि तरी बहुतेक पर्यटक हिवाळ्याचा मागमूसही न लागता परततात.

तेव्हा कधी योग आला तर जानेवारीत जा. मिमोझाची पिवळी फुले फुलू लागलेली असतात. तीही मूळची ऑस्ट्रेलियाची, पाहुणीच. नीसहून किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी गाडी धरा, मेंतोंला उतरा, जुन्या गावाच्या पायऱ्या चढून माथ्यावर जा. पाठ समुद्राकडे करून आधी शिळांवरची वये वाचा. मग वळा.