हातमोजे आणि हात

तॉल्स्तॉयच्या ‘युद्ध आणि शांती’ या कादंबरीतला पिएर फ्रीमेसन होतो, तेव्हा दीक्षाविधीत त्याला स्त्रीच्या हातमोज्यांचाही एक जोड मिळतो. जिच्याविषयी त्याला सर्वाधिक आदर वाटेल, तिला तो द्यायचा असतो. ही केवळ कादंबरीकाराची कल्पना नव्हे. १७८० मध्ये दीक्षा घेतल्यावर गटेने असेच हातमोजे शार्लोट फॉन श्टाइनला पाठवले होते. स्त्रीचा हातमोजा लॉजच्या आत चालत होता. तिच्या हाताला मात्र तिथे मज्जाव होता. जेम्स अँडरसनने सिद्ध केलेल्या १७२३ च्या नियमग्रंथाने दासांबरोबर स्त्रियांनाही सभासदत्व नाकारले होते.

अठराव्या शतकातल्या फ्रान्सने यावर एक सोयीस्कर तोड काढली. पुरुषांच्या लॉजच्या छत्राखाली स्त्रियांची ‘दत्तक’ लॉज निघाली आणि त्यांच्यासाठी वेगळा विधी रचण्यात आला. पुरुषाच्या हाती गुण्या, कंपास आणि ओळंबा. स्त्रीच्या वाट्याला ईडनची बाग, सफरचंद आणि नोहाची नौका. आदर होता, बरोबरी नव्हती. स्त्रीसाठी ‘खास’ काही निर्माण केले जाते तेव्हा मुख्य दालनाचे दार बंदच राहते, हा अनुभव साहित्याच्या इतिहासालाही अपरिचित नाही.

म्हणूनच आम्हांला मारिया देरेम यांचे पाऊल महत्त्वाचे वाटते. लेखिका आणि वक्त्या असलेल्या मारियांना १८८२ मध्ये पॅरिसजवळच्या ल पेक येथील पुरुषांच्या एका लॉजने दीक्षा दिली. परंतु तो अपवादच ठरला. १८९३ मध्ये त्यांनी आणि डॉ. जॉर्ज मार्तँ यांनी पॅरिसमध्ये स्त्रीपुरुषांचे मिश्र लॉज स्थापन केले. पुढे आंतरराष्ट्रीय झालेल्या या संघटनेचे नाव ‘ल द्रुआ ह्युमँ’, म्हणजे मानवी हक्क. या मंडळींनी स्त्रियांसाठी नवा विधी रचला नाही, पुरुषांचाच विधी दोघांसाठी घेतला. संहिता तीच राहिली; ती उच्चारणारे बदलले आणि त्याबरोबर तिचा अर्थही बदलला.

हे कसे घडते, ते विधीच्या तपशिलांतच दिसते. उमेदवाराने नाणी आणि दागिने बाहेर ठेवायचे, डोळ्यांवर पट्टी बांधून आत यायचे, मग ‘प्रकाश’ पाहायचा. त्याला गवंड्याचा एप्रन मिळतो आणि समोर असतो अनघड दगड. तो घडवायचा म्हणजे स्वतःला घडवायचे. फ्रेंच परंपरेत नवशिक्याने सभेत मौन पाळायचे असते. स्त्रीवर मौन लादणे जगाला नवे नव्हते. नव्याने आलेल्या पुरुषानेही तिच्याइतकेच गप्प बसून ऐकायचे, हे मात्र नवे होते. तिसऱ्या पदवीत शलमोनाच्या मंदिराचा मारला गेलेला स्थपती हिराम याच्या जागी उमेदवाराला कल्पिले जाते आणि मृतवत पडलेल्या त्या उमेदवाराला उठवून उभे केले जाते. मिश्र लॉजमध्ये ही भूमिका स्त्रीकडेही येते. समतेवरचे भाषण ऐकून श्रोता घरी जाऊ शकतो. विधीत देहालाच ती समता पाळावी लागते.

आक्षेप अर्थातच आहेत. गुप्ततेची शपथ, तेहेतीस पदव्यांची उतरंड आणि निवडकांचेच वर्तुळ यांचा मानवी हक्काशी मेळ कसा घालायचा? हा आक्षेप आम्ही झटकून टाकणार नाही. स्त्रीला प्रवेश मिळाल्याने उतरंड नाहीशी होत नाही. तिच्या पायऱ्या चढण्याचा अधिकार तेवढा वाटला जातो. तरीही तो अधिकार क्षुल्लक नव्हे. ‘ग्रांद ओरियाँ’ या फ्रान्समधील जुन्या संघटनेने आपल्या लॉजना स्त्रियांना दीक्षा देण्याची मोकळीक दिली ती २०१० मध्ये, म्हणजे मारियांच्या लॉजनंतर ११७ वर्षांनी. इंग्लंडची मुख्य संघटना तर मिश्र लॉजना आजही मान्यता देत नाही.

ही परंपरा भारताशी जोडली गेली ती अ‍ॅनी बेझंट यांच्यामुळे. त्यांनी १९०२ मध्ये पॅरिसमध्ये दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी लंडनमध्ये मिश्र लॉज सुरू केले. त्याचे नाव त्यांनी ठेवले ‘ह्यूमन ड्यूटी’, मानवी कर्तव्य. हक्काच्या शेजारी कर्तव्य ठेवणारे हे नामकरण स्वतंत्र चिंतनाचा विषय व्हावे.

मुंबईचा इतिहासही या संदर्भात बोलका आहे. येथील युरोपीय लॉजने प्रवेश नाकारल्यावर माणेकजी करसेटजी यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. त्यांच्या प्रयत्नांमुळे १८४३ मध्ये भारतीयांना प्रवेश देणारे ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज मुंबईत उभे राहिले. याच माणेकजींनी १८६३ मध्ये मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली. मात्र बंद दाराचा अनुभव घेतलेल्या आणि स्त्रीशिक्षणासाठी झटणाऱ्या या सुधारकाच्या लॉजातही स्त्रीला स्थान नव्हते. मुलींनी शिकावे, हे त्या काळातल्या पुरोगामी मनाला पटत होते. त्यांनी आपल्याच वर्तुळात, आपल्याच विधीत, बरोबरीने उभे राहावे, ही पायरी अवघड होती. ती आज सर्वत्र ओलांडली गेली आहे, असे आम्हांला वाटत नाही.